ताण येईल तिथवर

“ध्यानाले नाही बसत ते पोरगी. लपून बसते.”

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. तिच्या मते ती हळूच बोलत होती. मधे एकच भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे मी मांडी घालून, डोळे मिटून श्वास बघत बसलेली. “असं नका बोलू, ताई. तिले शांत वाटते तेवढंच,” आई म्हणाली. त्यावर आत्या म्हणाली, “शांत तिले वाटते. आन् तिकडे माहा भाऊ भिंतीकडे पाहून राहिला, त्याले काय वाटते?” मी डोळे उघडले नाहीत, पण त्यानंतर श्वास काही दिसला नाही.

हिवाळ्यात बाबांना लकवा मारला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्यासोबत बोलणंही. समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. आमच्या घरात हे बाबांच्याच वाट्याला यावं, याचं मला फार वाटायचं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली त्यांची, आणि इंजिनाच्या आवाजावर मात करता करता आवाज असा झालेला, की गल्लीच्या तोंडाशी बोलले तरी घरात ऐकू यावं. अमरावतीच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना तेच घ्यायचे. घरीही रोज सकाळी तेच पुढे म्हणायचे आणि आम्ही मागून. आता आम्ही मूर्तीपुढे उभे राहून मनातल्या मनात म्हणायचो आणि बाबा खुर्चीत बसून आमच्या पाठी बघायचे.

अकोल्याच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. त्यांच्याशी बोला, त्यांना विचारा आणि उत्तराला वेळ द्या. आईला बोलता यायचं, पण ती शिक्षिका, तिला शाळेत जायची घाई असायची. ती प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन निघून जायची. राहिले मी. आणि मला ते जमत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत मराठी बोलताना माझी वाक्यं ताठ होतात, आणि चुलत भावंडं त्यावरून “आली मॅडम” म्हणून चिडवायची. पण कारण तेवढंच नाही. बाबा आणि मी यांच्यात लहानपणापासून एक ठरलेलं होतं: ते बोलणार, मी ऐकणार. आम्ही दोघंही त्यात सुखी होतो. आता बोलणारा गप्प झाला होता आणि ऐकणारीला सुरुवात कुठून करायची हेच माहीत नव्हतं.

ध्यान मी कॉलेजात असताना एका शिबिरात शिकले. त्याचा मला खरंच आधार झाला, हे खोटं नाही. पण बाबांच्या आजारानंतर माझं बसणं वाढत गेलं. बाहेर त्यांची खुर्ची सरकली की मी शिबिरात शिकवल्याप्रमाणे मनात “आवाज, आवाज” अशी नोंद करायची आणि उठायची नाही. मला वाटायचं, माझी प्रगती होते आहे. आत्याच्या त्या एका वाक्याने मला ती प्रगती दुसऱ्या बाजूने दाखवली.

बाबांच्या हाताचा व्यायाम घ्यायला एक ताई यायच्या. त्याच आठवड्यात हात वर नेताना त्या मला शिकवत होत्या, “ताण येईल तिथवर न्यायचा. कळ आली की जरा मागे. पण ताणच येऊ दिला नाही, तर हात आहे तिथेच राहतो.” मी मान हलवली, आणि मग कितीतरी वेळ ते वाक्य माझ्याच अंगात फिरत राहिलं. मी तर ताण येण्याआधीच डोळे मिटत होते.

मॅडमकडे जायच्या पुढच्या खेपेला बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसताना मी ठरवलं होतं, आज बाबांशी एक तरी गोष्ट बोलायची. बोलायचं मनात आलं की गळा आवळायचा. मी पळाले नाही, त्या आवळण्याकडे बघत राहिले. पण मूर्तिजापूर आलं तरी शब्द बाहेर आला नाही.

तिथे एक बाई शेवंतीच्या फुलांची मोठी टोपली घेऊन चढल्या. समोर बसल्या आणि सरळ बाबांनाच म्हणाल्या, “दादा, टोपली पायाशी ठेवू का? तरास नाही न होनार?”

मी घाईने म्हणाले, “त्यांना बोलता येत नाही.”

“मंग? मले का घाई हाय?” त्या म्हणाल्या, आणि बाबांकडे बघत थांबल्या. नुसत्या थांबल्या. चेहऱ्यावर दया नाही, कंटाळा नाही. गाडी सुटली. बाबांचा जबडा हलला, डावा हात उचलला गेला, आणि घशातून “ठे…” असं काहीतरी आलं. “हां, ठेवतो,” म्हणून बाईंनी टोपली ठेवली, जणू रोजचंच बोलणं झालं.

मग त्या हार गुंफायला बसल्या आणि गुंफता गुंफता एक भजन म्हणू लागल्या. आवाज काही गोड नव्हता. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मला दिसलं, बाबांची डावी बोटं मांडीवर ताल धरून आहेत. ओठ हलताहेत. ते भजन त्यांना येत नव्हतं, पण सूर जिथे पुन्हा खाली यायचा तिथे तेही सुरासोबत यायचे. बाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तेच कडवं परत परत म्हटलं.

अकोल्याला उतरताना त्यांनी ओंजळभर फुलं माझ्या ओढणीत टाकली. “देवाले वाहाजो.”

“आमच्या घरी बुद्ध आहे, मावशी,” मी म्हणाले.

“बरं हाय न मंग. फुलाले का समजते, कोनाच्या पायाशी चाललं ते?” त्या हसल्या आणि गर्दीत गेल्या. त्यानंतर त्या गाडीत मी त्यांना पुष्कळदा शोधलं, पण त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलं मूर्तीपुढे ठेवली आणि मी बाबांची खुर्ची आमच्या रांगेत ओढून घेतली. गळा आवळला होता. कळ नाही, ताण आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि मोठ्याने वंदना सुरू केली. आईने वळून पाहिलं. मी म्हणाले, “बुद्धं सरणं गच्छामि,” आणि थांबले, त्या बाई थांबल्या होत्या तशी. शेजारून एक जाड, अर्धामुर्धा आवाज आला, “…च्छामि.” पुढची ओळ जरा स्पष्ट आली. तिसरी तर पूर्ण आली. आत्या पदर तोंडाला लावून खालीच बसली.

मॅडमनी नंतर समजावलं, की पाठ असलेलं आणि सुरातलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, आणि अशा रुग्णांत हे दिसतं. मला ते पटलं. आणि हातही जोडावेसे वाटले. या दोन्हींत भांडण आहे असं मला अजून वाटलेलं नाही. त्या बाई आमच्याच डब्यात का चढल्या, हे मी कुणाला पटवायला बसलेली नाही. मी फक्त कृतज्ञ आहे. त्यांची, आत्याच्या फटकळ जिभेची, व्यायामाच्या ताईंची.

बाबांना अजून पाणी हवं असेल तर बोट दाखवावं लागतं. मी अजून ध्यानाला बसते, पण दार उघडं ठेवून, आणि खुर्ची सरकली की उठते. काही दिवस गळा इतका आवळतो, की मी परत श्वासाकडे येते, थोडी विसावते, आणि मग पुन्हा एक वाक्य बोलून बघते. शरण जाणं म्हणजे सुरक्षित कोपऱ्यात शिरणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, पुढे काय होईल ते आपल्या हातात नाही हे कळूनही पाऊल टाकणं, हेच ते असावं.

परवा पौर्णिमेला विहारातली मंडळी आमच्याकडे वंदनेला आली. खोली भरून गेली. सगळ्यांनी सवयीने आधी बाबांकडे पाहिलं, मग अवघडून माझ्याकडे. मीच म्हणायचं, असं ठरलं होतं. मी उभी राहिले, एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदाच. बाबांना स्वतःहून सुरुवात करणं अजून एकदाही साधलं नव्हतं. मी एक श्वास येताना आणि जाताना पाहिला, वाकून त्यांचा हात हातात घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“बाबा, आज तुम्ही सांगा. आम्ही मागून म्हणतो. घाई नाही, आम्ही थांबलोय.”