शंभर पावलं

दुधाची डेअरी आमच्या गल्लीच्या तोंडापासून उजवीकडे शंभर पावलांवर आहे. नियमानं जायचं तर दुभाजकाला लांबचा वळसा पडतो, म्हणून मी कित्येक वर्षं उलट्या बाजूनं सायकल हाणत असे. गेल्या हिवाळ्यात मला चुकवताना एक स्कूटरवाली मुलगी पडली. खरचटलेलं कोपर धरून ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही समोरून याल असं मला कसं वाटणार?" ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत मी पुन्हा उलटाच जाऊ लागलो. जरा हळू, एवढंच.

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक फुलवाले आजोबा सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून कडेनं उजवीकडे चालू लागले.

"पंक्चर का, आजोबा?"

"छे हो, हवा टम्म आहे. उलटं जायचं तर पायी जावं. समोरच्याला आपला अंदाज येतो."

मीही उतरलो. त्यांच्या टोपलीतल्या शेवंतीचा वास घेत मागोमाग चाललो. समोरून एक स्कूटर आली आणि न बिचकता निघून गेली. चालवणारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं.