बुरामाचं स्वभावशास्त्र

मालीतल्या न्यामाना गावचा बुरामा सांगारे आयुष्यभर गुरांना लस टोचत आला आणि पन्नाशीत एकदम माणसांकडे वळला. निमित्त राजधानी बमाकोतल्या पाच दिवसांच्या शिबिराचं. विषय: मानवी स्वभाव आणि सत्ता. परतताना प्रमाणपत्र आणलं, आणि जन्मभराचं शहाणपण बहुधा तिथेच विसरला. चहाच्या अड्ड्यावर कुणी शिंकला तरी हा डोळे बारीक करून म्हणे, "दबलेला राग आहे हा!"

त्याची बायको सितान कोने (तिकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात) प्रांतकचेरीच्या फाटकाशी चवळीचे वडे तळायची. घर त्या कढईवर चालायचं. अशात नवे प्रांतसाहेब फोदे त्राओरे आले आणि हुकूम सुटला: शुक्रवारपर्यंत फाटकापासून सगळ्यांनी उठायचं.

"मी बघतो," बुरामा म्हणाला. "आधी माणसाचं निरीक्षण."

दोन दिवस तो फाटकासमोर वही घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी गाढवगाडीवाले म्हातारे झूमाना कोने आले आणि साहेबांना बघून भर रस्त्यात ओरडले, "ए चवळीखाऊ! आमचा गुलाम तू, तुला खुर्ची कुणी दिली रे?" साहेब एवढे हसले की टोपी पडली. म्हाताऱ्याची गाडी फाटकातच उभी करू दिली.

बुरामाने लिहून घेतलं, 'सत्ताधारी मनातून अपमानाला भुकेलेला असतो.'

गुरुवारी सकाळी तो थेट साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. "काय रे चवळीखाऊ गुलामा, माझ्या बायकोची कढई उठवतोस?"

कारकुनांचे हात थांबले.

"आडनाव?" साहेबांनी विचारलं.

"सांगारे."

"मग तुझं-माझं थट्टेचं नातं कधीपासून? कढई आज दुपारीच उचला!"

बाहेर येऊन त्याने सांगितलं तेव्हा सितानने कपाळावर हात मारला. "अहो विद्वान! कोने आणि त्राओरे एकमेकांना चवळीखाऊ, गुलाम म्हणतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या थट्टेच्या नात्याने. तुम्ही सांगारे, तुमचा काय संबंध? शेंबडं पोरसुद्धा आधी आडनाव विचारतं. दोन दिवस काय गाढवाचा स्वभाव लिहीत होतात?"

ती झारा हातात घेऊनच आत गेली. "ए चवळीखाऊ त्राओरे! कोनेंच्या घरचा नोकर तू, आणि मालकिणीला उठवतोस?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "दिवसभर चवळी तळतेस तू, अन् चवळीखाऊ मी?"

"तळते मी, वास घेत बसतोस तू. काल खिडकी तीनदा उघडलीस, मोजलंय मी."

"आणि मघाचा तो वेडा कोण?"

"नवरा माझा. बमाकोला जाईपर्यंत बरा होता."

साहेब पोट धरून हसले. कोनेच्या लेकीला नाही म्हटलं असतं तर त्राओरेंच्या भाऊबंदात तोंड दाखवायला जागा उरली नसती. कढई राहिली. फक्त दहा पावलं सरकवून झाडाखाली, आणि ती जागा सितानला वर्षभर हवीच होती.

"पण रोज सहा वडे माझे," साहेब म्हणाले. "आणायचे त्याने. तोंड न उघडता."

तेव्हापासून बुरामा रोज मुकाट बशी पोचवून येतो. अड्ड्यावर मात्र सांगतो, साहेब आपल्याशिवाय नाश्ता करत नाहीत.