करतारसिंगांची शेवटची खेप

गजाननचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी ज्वारी निवडत होते. गजानन परतवाड्याहून मेळघाटात जाणाऱ्या एसटीवर कंडक्टर आहे. "मॅडम, सरदारजी गेले..." एवढंच तो म्हणाला. त्याला आता दीड महिना झाला.

करतारसिंग मला भेटले ते माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी. डोंगरातल्या अगदी शेवटच्या गावी शाळेवर नेमणूक झालेली, आणि तिथं जाणारी गाडी एकच, त्यांची जीप. सागवानाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून ते पंजाबातून आले आणि इथलेच झाले. त्या रस्त्यावर प्रवासी गाडी घालणारे ते पहिले. त्याआधी लोक बाजाराला पायी उतरायचे, आजारी माणसाला खाटेवर घालून आणायचे. मी पेटी घेऊन अवघडून उभी होते. त्यांनी पुढच्या दोघांना मागे धाडलं. "मास्तरीनबाई पुढं बसन. आपल्या लेकरायले शिकवाले येऊन राहिली ते." सरदारजींच्या तोंडून असं चोख वऱ्हाडी ऐकून मला हसू फुटलं होतं.

बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जीप आणि तो रस्ता, एवढाच त्यांचा संसार. साठी ओलांडल्यावर एका संध्याकाळी ते शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, एसटी पायजे म्हून अर्ज लिवा." मी चमकलेच. म्हटलं, तुमच्याच पोटावर पाय येईल. ते दाराच्या चौकटीला टेकले आणि म्हणाले, "डोळे साथ देत नाईत आता. मी मेल्यावर या लोकायले कोन नेईन?" गावभर फिरून सह्या-अंगठे त्यांनीच गोळा केले. अर्जावर अर्ज गेले आणि अखेर गाडी आली. हार-नारळ झाले. त्या गर्दीत सरदारजी मागेच उभे होते.

महिन्याभरात जीप रिकामी धावू लागली. विकली तेव्हा ती भंगाराच्याच भावात गेली. परतवाड्यात बसस्टँडामागच्या एका खोलीत ते राहू लागले. मोतीबिंदू झालेला, गुडघे गेलेले. एकदा पंजाबात भावाकडे गेले आणि आठव्या दिवशी परत आले. मी विचारलं, "कावून आले?" तर हसले. "तिकडं समदे मले पाहुना समजतेत, बाई. बोलाले गेलो का मंधातच मराठी निंघते."

मी निवृत्त होऊन अमरावतीला आले, जाणं-येणं कमी झालं. दिवाळीला भेटायची. दर वेळी खोली जरा जास्तच शांत वाटायची. शेजारी नवे होते. त्यांच्या लेखी तो एक म्हातारा सरदार, बस. आज ही खंत आहे की मी अजून चार वेळा तरी जायला हवं होतं.

अंत्यसंस्कारानंतर गजानन आणि मी खोली आवरायला गेलो. एक खाट, दोन भांडी, धुऊन घडी केलेल्या पगड्या. घरमालकीणबाई खिडकी झाडत होत्या. तिथं वीतभर लांबीची एक काडी पडली होती, मधे दोरा बांधलेली. त्या ती केरात लोटणार, तोच गजानन ओरडला, "थांबा, ते माप हाय!"

तेव्हा गजाननकडून मला कळलं. वरच्या गावची माणसं कंडक्टरबरोबर निरोप धाडत आणि सरदारजी बाजारात चाचपडत जाऊन वस्तू आणून सकाळच्या गाडीत देत. औषध, सेल, सुईदोरा. चपला हव्या असल्या की पायाच्या लांबीची काडी यायची, रुंदीच्या खुणेला दोरा बांधलेली. "तुम्हाले सांगू नको म्हने," गजानन म्हणाला. "म्हने, बाई उगाच कीव करन."

काडी कुणाची, ते त्यालाही आठवेना. आम्ही दोघं बाजारात गेलो, काडी लावून चपलांचा एक जोड घेतला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर गजाननने गाडीच्या दारात उभं राहून तो वर धरला. "सरदारजीले चपला कोनं सांगतल्या होत्या?"

संध्याकाळी त्याचा फोन आला. एक म्हातारी पुढं आली होती. चपला तिने छातीशी धरल्या, घातल्या मात्र नाहीत. मग तिने विचारलं, "सरदार सोता येतो म्हने, कावून नाई आला?"

"मंग तू काय सांगतलं?" मी विचारलं.

गजानन म्हणाला, "खाली उतरलो मॅडम, अन् तिच्यापाशी बसलो. गाडी आज वीस मिनिटं लेट सुटली."