कोपरा कापलेलं घर

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चहा घेण्याआधी कुंपणाच्या भिंतीबद्दल विचारतो. बाकी कोपरे सरळ, मग हा एकच असा तिरपा कापलेला का? वास्तुशास्त्र वाचून आलेले तर मान हलवून दोषही सांगतात. मी म्हणते, दोष आहेच, पण तो नकाशाचा. घर बिचारं निर्दोष आहे.

नकाशा आमच्या ह्यांनीच काढलेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याच्या कडेची शेतं भराभर विकली जात होती आणि त्यांचे ले-आउट पडत होते. हे ड्राफ्ट्समन. कागदावर शेत यायचं आणि ह्यांच्या हाताखालून चौकोनी प्लॉट, सरळ रस्ते आणि बगीच्यासाठी खुली जागा होऊन बाहेर पडायचं. काटकोनावर ह्यांचं इतकं प्रेम, की ताटातल्या पोळीचीसुद्धा आधी चौकोनी घडी व्हायची. त्यातल्याच एका ले-आउटमध्ये आम्ही खुल्या जागेला लागून कोपऱ्याचा प्लॉट घेतला.

माझा जीव त्या भिंतीत अडकला होता. लग्नापासून मी भाड्याच्या खोल्यांत राहिलेली. घरमालकिणीचं धुणं झालं की आपला नंबर, तिच्या दोरीवर जागा उरली तर आपली साडी. नाचणगावचं माहेरचं मोठं अंगण सोडून आलेल्या मुलीला हे फार लागतं. म्हणून मी आधीच ठरवून टाकलं होतं: मागच्या कोपऱ्यात माझा धुण्याचा दगड, शेजारी मोगरा, आणि बाहेरून कोणाची नजर पडणार नाही एवढी उंच भिंत.

भिंत कमरेएवढी झाली, त्या दुपारी एक रिकामी बैलगाडी येऊन तिच्यासमोर थांबली. म्हातारा गाडीवान आत आडवा, गाढ झोपलेला. बैल मात्र ओल्या विटा हुंगत उभे, आता कोणी दार उघडेल अशा भरवशाने. गवंड्याने हाक मारली तेव्हा म्हातारा उठून बसला. तो पलीकडच्या गावचा शेतकरी. बाजारात कापूस घालायला रात्रभर गाड्यांच्या रांगेत जागायचा आणि परतताना गाडीतच झोपायचा; बैल त्याला बरोबर घरी नेऊन पोचवायचे. त्यांची पांदण, म्हणजे शेताशेतांतली जुनी गाडीवाट, आमच्या कोपऱ्यातून तिरपी निघून खुल्या जागेतून गावाकडे जात होती.

"राग नका मानू, बाई," तो म्हणाला. "रस्ता आता तिकून हाय, मले माहीत हाय. या बैलाइलेच समजून नाई राह्यलं."

त्याने गाडी वळवली आणि दोन काटकोनी वळणं घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "तुमच्या नकाशात पांदण काऊन नाई?"

"जुन्या नकाशावरच नव्हती, तं मी कुठून काढू?"

"जागेवर जाऊन पाह्याची होती."

"बैल शिकतीन. चार दिसात सवय होते."

बैल काही शिकले नाहीत. दर खेपेला तेच. गाडी यायची, थांबायची, म्हातारा दचकून उठायचा. भिंत छातीएवढी झाली तरी बैल तिथेच. मी त्यांच्यासाठी बादलीभर पाणी ठेवू लागले, म्हणजे ती सवय मोडायची सोडून मीच लाडावत होते. हे कपाळाला हात लावायचे.

मग एकदा म्हातारा खाली उतरला आणि हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. डोळे लाल झालेले. "बाई, तुमाले लय तरास झाला. आता मी झोपत नाई. जागाच राहीन."

त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मला मात्र फार वाईट वाटलं. रात्रभर जागलेला माणूस, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या घरच्या वाटेवर, आणि जागं राहण्याचं वचन मला देतोय; का, तर आम्हाला काटकोन हवा. मी माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. दगड बसवून झाला होता. मोगऱ्याला पहिली कळी आली होती. फार जिवावर आलं, पण संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "कोपरा पाडा."

"काटकोन जाईन," हे म्हणाले.

"जाऊ द्या. माझा दगडही जाऊन राह्यला."

हे रागावले नाहीत, पण त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत. सकाळी स्वतः दोरी धरली आणि गाडी निघेल एवढी जागा सोडून चुन्याची तिरपी रेघ मारली. मोगरा स्वयंपाकघराच्या दाराशी आला, थोडे दिवस रुसला, मग जगला. पुढे नवा ले-आउट काढायचा असला की हे आधी त्या शेतात एक दुपार नुसते बसून यायचे, कोण कुठून जातं ते पाहत. परत येताना पॅन्टला कुसळंच कुसळं. ती उपटताना मी तोंडाने बडबडायचे, पण मनातून मला ते फार आवडायचं.

तिरपी भिंत उभी राहत होती त्याच दिवसांत गाडी आली. बैल सवयीने जरा थांबले, वाट मोकळी दिसली तसे पुढे निघाले. आत म्हातारा वचन विसरून, तोंड उघडं टाकून झोपलेला. गवंडी विटेवर थापी मारणार, तेवढ्यात ह्यांनी त्याचा हात धरला.

"ठोकू नको," हे हळूच म्हणाले. "जाऊ दे त्याले घरी."