एका पाड्याचा धूर

“तू शून्य का लिहिलं, बाई?” रुमल्याबाबांनी माझ्या टॅबवर बोट ठेवलं.

नर्मदेकाठचा पाडा, बोटीशिवाय वाट नाही. बाबा तिथले कारभारी. पावरी बोलणारी माणसं मराठीत कलेक्टरलाही ‘तू’च म्हणतात, पण मला ते टोचलं. तेव्हा मी तरुण होते ना. म्हणजे सत्तावन्न. डोक्यावर गॉगल, गळ्यात आयकार्ड आणि अक्कल बहुधा बोटीतच राहिलेली.

काम नंदुरबार जिल्ह्याच्या एमिशन इन्व्हेंटरीचं. हवा तापवणारे वायू कोण किती सोडतं, त्याची ही यादी. देश कितीही चिमुकला असो, आपला धूर त्याने स्वतः मोजून सांगायचा. ही स्लाइड आदल्याच आठवड्यात मी झोकात दाखवली होती. आणि इथे? चाळीसेक चुली, गाडी एक नाही. दिलं शून्य ठोकून.

“बाबा, तुमचा धूर मोजण्याइतका नाहीच.”

“म्हणजे आम्ही जेवत नाही?” मागून त्यांची सून म्हणाली. बायका खदाखदा हसल्या.

मी झाडाला वजनकाटा टांगला. घराघरांतून मोळ्या आल्या. शेवटची मोळी उतरली, तसे बाबा म्हणाले, “आता डोंगर लिही.”

मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्या उन्हाळ्यात ती आग डोंगरावर चढली होती.

“मी लावली होती.”

सुनेने पदर तोंडाशी धरला.

“बाबा, वनखातं केस करेल,” मी म्हणाले.

“करू दे. डोंगर जळला का नाही? मग लिही.”

मोठ्या देशांची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. त्यात धूर कायम शेजाऱ्याचा असतो. इथे हा अनवाणी म्हातारा स्वतःहून आपला धूर माझ्यापुढे ठेवत होता. मी टॅबवर डोंगर लिहिला.

नंदुरबारला परतल्यावर आमच्या साहेबांचा फोन. “मॅडम, ती आग काढून टाका. जिल्ह्याच्या बेरजेत दिसणारसुद्धा नाही.”

“दिसणारच नाही, तर राहू द्या की सर.”

राहिली. मी फक्त पाड्याचं नाव लिहिलं होतं, बाबांचं नाही. पण बाबांनी वनरक्षकालाही तेच सांगितलं. केस झाली. तारखांना ते बोटीने जात राहिले. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, तर प्रत्येक मोहाखाली जुन्या साड्या अंथरलेल्या. फुलं अलगद त्यांवर पडत होती. आगपेटीचं कामच उरलं नव्हतं.

त्या शून्याची गोष्ट ऐकून नात विचारते, “आजी, तू इतकी येडी व्हती का?” होते गं.

इन्व्हेंटरीला टॅब लागतो, काटा लागतो, सॉफ्टवेअर लागतं. त्याआधी ‘मी लावली’ म्हणणारं कुणीतरी लागतं. फॉर्ममध्ये त्याला अजून रकाना नाही.