झिऱ्यावरची पखुर्डी

आवडता पक्षी कोणता, असं कुणी विचारलं की त्याला मोर किंवा पोपट ऐकायचा असतो. मला ते जमत नाही. माझी आवडच जरा वाकडी. दक्षिण अमेरिकेतला तो होॲट्झिन, ज्याच्या पिल्लांच्या पंखांना नखं असतात. चोचीच्या टोकाला नाकपुड्या घेऊन अंधारात हुंगत फिरणारा किवी. उडणंच विसरलेला लठ्ठ काकापो. यांची कुळं फार पूर्वी बाकीच्यांपासून फुटली, आणि आता जवळचं म्हणावं असं त्यांना फारसं कुणी उरलेलं नाही. नांदेडला जीवशास्त्र शिकवताना मी त्यांची चित्रं वर्गात लावायची, पोरं खो-खो हसायची. पण या सगळ्यांहून मला लाडकी आहे ती आपल्या माळावरची पखुर्डी. तित्तरासारखी दिसते, पण तित्तर नाही. कबुतरासारखी उडते, पण कबूतर नाही. तिचे त्यातल्या त्यात जवळचे नातलग थेट मादागास्कर बेटावर राहतात.

आमचं गाव अहमदपूरजवळ, मन्याडच्या काठी. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि बाबांना तिथल्या एका नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या बौद्धवाड्यात त्याचं केवढं कौतुक! पण लातुरात कुटुंबासाठी खोली मिळेना. घरमालक आधी आडनाव विचारत, मग खोली कालच गेली म्हणत. म्हणून बाबा इतर कारकुनांबरोबर एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी येत. माझा भाऊ तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. बाबांनी हात पुढे केले की तो मायच्या लुगड्यात तोंड खुपसायचा. बाबा ते हसण्यावारी न्यायचे. पुढे पुढे त्यांनी हात पुढे करणंच सोडलं. मला भावाचा भयंकर राग यायचा.

त्या वर्षी दुष्काळ होता. नदी आटलेली, म्हणून सगळ्यांनी पात्रातल्या वाळूत झिरे खणले होते. उतरता खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. निघताना वर बाभळीच्या काट्या टाकायच्या, म्हणजे जनावरं तोंड घालत नाहीत. माय मात्र आमच्या झिऱ्याची एक कड उघडी ठेवायची. तिथे रोज सकाळी एक नर पखुर्डी यायचा, पाणी प्यायचा आणि मग सरळ पाण्यात बसकण मारायचा. पोट बुडवून, अंग हलवून, बराच वेळ.

“उन्हानं पोट जळत आसंल त्याचं,” माय म्हणायची. पक्षी आंघोळ करतो, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेजारच्या बाया कुरकुरायच्या, माय त्यांना दाद देत नसे.

एका रविवारी बाबा आमच्याबरोबर पाण्याला आले. नेमका तेव्हाच तो आला आणि पाण्यात बसला. बाबांनी ढेकूळ उचललं.

“पेयाच्या पाण्यात आंघोळ करून राहिलंय, आन तू बघत बसलीस?”

पक्षी उडाला आणि काठापलीकडच्या पडीक रानात उतरला. बाबा रागारागाने मागोमाग काठ चढले. आम्हीही गेलो, भाऊ मायच्या कडेवर. वर जाऊन बाबा जागच्या जागी थांबले. सुकल्या गवतात मादी बसली होती, आणि मातीच्याच रंगाची तिची पिल्लं नराकडे धावत होती. तो ताठ उभा राहिला. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरली आणि ओली पिसं चोचीत धरून चोखायला लागली.

बाबांनी ढेकूळ हळूच खाली ठेवलं. “पानी आनलंय त्यानं,” ते म्हणाले.

माय बराच वेळ बघत राहिली. “हाव,” ती म्हणाली. “म्हून तर लेकरं वळखून राहिलीत त्याला. रोज येतंय ना.”

बाबा दुपारच्या गाडीने लातूरला गेले. मला मायचा इतका राग आला की मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. माणूस हौसेने थोडाच दूर राहत होता?

सोमवारी दिवेलागणीला बाबा दारात उभे राहिले, हातात ट्रंक. खोली सोडून आले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अप-डाऊन सुरू केलं. पहाटे अंधारात निघायचे, धुळीने माखून परतायचे. कचेरीतले लोक त्यांना वेड्यात काढायचे, आणि मला वाटतं ते खरंच वेडेपण होतं. माय भावाला ते येईपर्यंत झोपू देत नसे. तो किरकिरायचा, बाबा आले की तिच्या मागे दडायचा. बाबा त्याला बोलवत नसत. त्याला दिसेल असे बसून जेवायचे, बस्स.

असे किती दिवस गेले, आठवत नाही. एका संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन भिंतीला टेकले आणि ताट यायच्या आतच त्यांचा डोळा लागला. भाऊ भाकरीचा तुकडा चघळत मायपाशी उभा होता. तो डुलत डुलत त्यांच्याकडे गेला, मांडीला धरून वर चढला आणि हातातला उष्टा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.

बाबा जागे झाले. तुकडा तोंडात तसाच, डोळ्यांना धार. हलले तर तो उतरून जाईल, या भीतीने ते हात लावायलाही धजेनात.

“आता चावा की,” माय म्हणाली.