पाण्यात कोणी उतरलं नव्हतं

नोकरीची सगळी वर्षं मी ग्रामसेवक होतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घ्यायची आणि मग पाणी तपासायचं, हे काम कितीतरी गावांत केलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. त्या नळीवर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं नळदुर्गजवळच्या आमच्या शेतात घर बांधलं आणि घरापुढं पोहायचा हौद केला. नातवंडं सुट्टीला येण्याआधी तो सुरू करून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. ताडपत्री काढली, तळ घासून घेतला, बोअरचं पाणी भरलं. सोलापूरच्या दुकानदारानं क्लोरीनच्या पावडरीबरोबर आणखी एक डबा दिला होता. आधी हा टाका म्हणजे क्लोरीन टिकेल, म्हणाला. मला त्याचाच संशय आला. विहिरींना असला डबा कधी लागला नव्हता. म्हातारं गिऱ्हाईक बघून माल गळ्यात मारतोय, असं मी धरून चाललो आणि डबा न उघडता पत्र्याच्या खोलीत ठेवून दिला.

विहिरीत टाकायचो तशी पावडर दिवस उगवताना टाकली. नळी हळदीसारखी पिवळी झाली. दुपार कलल्यावर पुन्हा पाहिलं तर पाणी कोरं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

माणूस पाण्यात उतरला, घाम आणि साबण गेला, की क्लोरीन खर्ची पडतो हे मला ठाऊक होतं. त्यामुळं माझ्या मनात एकच प्रश्न आला: उतरतंय कोण?

शेतावर राखणीला एक कुटुंब होतं. नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं. बौद्ध. ‘पाणी सगळ्यांचं’ असं मी गावोगावच्या ग्रामसभांत बोललेलो, आणि मनापासून बोललेलो, असं मला वाटायचं. तरी माझी नजर थेट त्यांच्या खोलीकडं गेली. दोरीवर वाळत घातलेले मुलांचे कपडे बघायला लागलो. त्यांचे केस ओले दिसले की लगेच हौदावर जाऊन नळी भरायचो. एकदा हौदाच्या कडेनं राख पसरून ठेवली, पावलं उमटतील म्हणून. उमटली ती कुत्र्याची. कुत्र्याला मुद्दाम फिरवलं असेल, इथपर्यंत माझं डोकं गेलं.

राखणदाराला मी सरळ विचारलं नाही. मुलं खेळायला कुठं जातात, दुपारी कुठं असतात, असं आडून विचारत राहिलो. त्याच्या बायकोला ते त्याच्याआधी कळलं. ती म्हणाली, “भाऊसाहेब, नळी आमच्यावर कशाला धरताव? इचारायचं ते तोंडानं इचारा.”

मी म्हणालो, तसं काही नाही. आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या शेतकऱ्याच्या बोअरवर चार माणसांत बोललो, “पाणी टिकतच नाही. कोण उतरतंय, कळत नाही.”

शेजारी हसला. “कळायचं काय त्यात? तुमच्या शेतात दुसरं हाय तरी कोण?”

मी ते खोडून काढलं नाही. कोणाचं नाव मी घेतलं नव्हतं, याचंही मला तेव्हा समाधान वाटलं. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून राखणदाराची बायको प्यायचं पाणी शेजाऱ्याकडून आणायची; पुढं त्यानं तिला आपल्या बोअरवर घागर भरू दिली नाही. पाणी बाटवणारी माणसं, असं बोललं गेलं. आजूबाजूच्या शेतांवर त्यांना काम मिळेना. एका सकाळी ते सामान टमटममध्ये घालून धाराशिवला गेले. मी ओसरीवरून बघत होतो. मुलाला फोनवर सांगितलं, त्यांना शहरात बरं काम मिळालं.

खोली रिकामी झाली, फाटकाला कुलूप लागलं. दुपारी नळी पाहिली. पाणी कोरंच.

तेव्हा दुकानदाराला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, तो डबा टाकला का? मग हसत सांगितलं, “अहो, उघडा हौद आहे. आपल्याकडचं ऊन दुपारपर्यंत सगळा क्लोरीन खाऊन टाकतं. त्या डब्यातल्या पावडरीनं तो टिकतो.” विहीर खोल असते, तिच्या पोटात ऊन पोचत नाही. हे मला सुचायला हवं होतं. डबा सांगितल्याप्रमाणं टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारीही नळी पिवळी आली. नातवंडं आली, महिनाभर डुंबली. ती पाण्याबाहेर आल्यावर एकदाही मी नळी हातात घेतली नाही.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. पुढचे उन्हाळे तसेच गेले. यंदा शेवटी धाराशिवला जाऊन त्या राखणदाराला शोधलं. एका कॉलेजच्या फाटकावर तो राखणीला आहे. मी सगळं सांगितलं, उन्हाचं, डब्याचं. त्यानं मला बसायला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

“हे मला कशाला सांगताव, भाऊसाहेब? आमी उतरलो न्हाय, हे मला म्हाईतच हाय की. जिथं बोललाव तिथं सांगा.”

परत आल्यावर शेजाऱ्याच्या बोअरवर गेलो. तिथं बसलेल्यांना सांगितलं की चूक माझी होती, क्लोरीन उन्हानं जात होता, ती माणसं पाण्याला शिवलीही नव्हती. मग शेजारी तंबाखू मळत म्हणाला, “सोडा की आता. आन् खरं सांगू का, तुमी झोपल्यावर उतरतच असतील.”

तो मानायला तयार नाही, आणि त्याच्या डोक्यात हे भरवलं मीच. म्हणून आता लिहून ठेवतो. हौदात कोणी उतरलं नव्हतं. आणि त्यांची मुलं त्या तापलेल्या दुपारी उतरली असती, तरी माझं काय गेलं असतं, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही. शेजाऱ्याकडं उद्या पुन्हा जाणार आहे. त्यानं त्या बाईची घागर अडवली, ती माझ्या बोलण्यावरून. हे त्याला अजून सांगायचं राहिलं आहे.